‘ली’ प्रत्ययाचा मोह

गेल्या महिन्यांत उदगिरांतील आमच्या शेजारच्या एका तरुणानें नोकरीसाठीं लिहिलेला इंग्रजी अर्ज आम्हांस दाखविला. ‘मी कष्टानें काम करतों’ या अर्थीं त्यानें लिहिलें होतें, ‘आय वर्क हार्डली’. ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’! असा अर्ज वाचून नोकरी कोण देणार?

वाचकहो, दोष मुलाचा नव्हे, अर्धवट घोकलेल्या नियमाचा आहे. विशेषणास ‘ली’ लावून क्रियाविशेषण होतें, हें खरें; ‘स्लो’चें ‘स्लोली’ होतें. परंतु ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ तसेच राहतात, ‘गुड’चें ‘वेल’ होतें, आणि ‘फ्रेंडली’ हें ‘ली’ असूनहि विशेषणच.

मराठींत ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असें विशेषणावरच काम भागतें. म्हणून ‘शी सिंग्ज गुड’ आपल्या कानास खटकत नाहीं. संस्कृतांत मात्र ‘बालकः शीघ्रं धावति’ तसेंच ‘बालिका शीघ्रं धावति’. क्रियाविशेषण कर्त्याकडे पाहत नाहीं. इंग्रजीचेंहि तसेंच आहे.

अर्जांतील ‘ली’ आम्हीं खोडला. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलांकडून नियमाबरोबर अपवादहि म्हणवून घ्यावेत, इतकीच विनंति.