शिपायास मराठी, अधिकाऱ्यास नाही!

अग्निवीर होऊ इच्छिणाऱ्या घाटंजीच्या अथवा महागावच्या तरुणास सैन्यभरतीची लेखी परीक्षा आता मराठीतून देता येते. २०२५ साली ही परीक्षा तेरा भाषांत ठेवण्यात आली आणि त्या तेरांत मराठीचा समावेश होता. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपायांची परीक्षा हिंदी व इंग्रजीखेरीज तेरा प्रादेशिक भाषांतून घेण्याचा प्रघात केंद्रीय गृहखात्याने सुरू केला. दोन्ही निर्णय स्वागतार्ह होते. परंतु याच तरुणाने शिपाई न होता अधिकारी व्हावयाचे मनात आणले आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी अर्ज केला, तर मात्र त्याच्यापुढे येणारी प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत छापलेली असते. हुकूम पाळणाऱ्यास मराठी चालते, हुकूम देणाऱ्यास चालत नाही, असा अर्थ यातून कोणी काढला तर त्यास काय उत्तर द्यावयाचे?

प्रबोधिनी आमच्याच राज्यात आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे रीतसर उद्घाटन झाले. महाराष्ट्राच्या भूमीवरील या संस्थेत महाराष्ट्राची मुले पुरेशी दिसत नाहीत, ही खंत जुनी आहे. त्या खंतीपोटीच राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवा पूर्व प्रशिक्षण संस्था काढली आणि २०२३ साली नाशिक येथे मुलींसाठी तशीच दुसरी संस्था सुरू केली. या संस्थांचे काम मोलाचे आहे. पण वर्षाकाठी मोजकी मुले वेचून त्यांस तयार करणे वेगळे आणि ज्या परीक्षेतून सर्वांस जावयाचे ती परीक्षाच सर्वांस सारखी करणे वेगळे.

परीक्षेचे स्वरूप एकदा नीट पाहिले पाहिजे. संघ लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांपैकी ३०० गुण गणिताचे व ६०० सामान्य क्षमता चाचणीचे. या ६०० पैकी २०० गुण इंग्रजी भाषेसाठी असून उरलेले ४०० पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोल व चालू घडामोडी यांसाठी आहेत. म्हणजे उमेदवारास इंग्रजी कितपत येते हे पाहण्यासाठी आयोगाने २०० गुण वेगळे काढून ठेवलेच आहेत. मग बाकीच्या ७०० गुणांत त्याने पुन्हा इंग्रजीची, नाहीतर हिंदीची, परीक्षा का द्यावी? गणिताच्या प्रश्नपत्रिकेने गणित पाहावे आणि भूगोलाच्या प्रश्नाने भूगोल पाहावा, इतकीच ही मागणी आहे.

यावर कोणी म्हणेल की, प्रश्न बहुपर्यायी आहेत, त्यांस भाषा ती कितीशी लागते? शाळामास्तरकी केलेला कोणीही या भ्रमात राहणार नाही. गणिताचे १२० प्रश्न दीडशे मिनिटांत सोडवावयाचे असतात; एका प्रश्नास सव्वा मिनिट मिळते. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो. अशा परीक्षेत परकी भाषा वाचून मनातल्या मनात तिचा अर्थ लावण्यात जी पंधरावीस सेकंदे जातात, तीच यशापयश ठरवितात. हिंदीची छापील बाजू आमच्या मुलांस थोडाफार आधार देते हे खरे. लिपी एक आहे, परिभाषाही पुष्कळशी जुळते. परंतु हिंदी ज्याच्या घरची भाषा आहे त्यास ती पूर्ण आधार देते, हेही तितकेच खरे. आणि यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव व झरी-जामणी या भागांत गोंडी व कोलामी बोलणारी घरे आहेत. तेथील मुलास मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा असते. इंग्रजी तर त्याच्या घरापासून आणखी एक मजल दूर असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सैन्याधिकाऱ्यास इंग्रजी आलेच पाहिजे, त्याचे प्रशिक्षण इंग्रजीतून होते, निरनिराळ्या प्रांतांच्या सहकाऱ्यांशी त्यास एका भाषेत बोलावे लागते, असे सांगितले जाते. आम्हांस हे सर्व मान्य आहे. म्हणूनच इंग्रजीचे २०० गुण रद्द करा अशी मागणी आम्ही करीत नाही. त्यानंतरही निवड मंडळापुढील पाच दिवसांची कसोटी शिल्लक राहते. तीत साठ शब्द एकामागून एक दाखवून प्रत्येकास पंधरा सेकंदांत वाक्य लिहावयास लावतात, गटात बोलावयास लावतात, मुलाखत घेतात. भाषेवाचून अडणारा उमेदवार तेथे लपून राहत नाही. शिवाय प्रबोधिनीत तीन वर्षे घालविल्यानंतर ज्यास इंग्रजी येणार नाही असा बुद्धिमान तरुण विरळाच. हिंदीचा पर्याय देऊन आयोगाने एक तत्त्व मान्य केले आहे की, हे ७०० गुण इंग्रजीवाचूनही मिळविता आले पाहिजेत. एकदा तत्त्व मान्य झाल्यावर ते एकाच भारतीय भाषेपाशी का थांबावे, याचे कारण आयोगाने सांगावयास हवे.

अकरावी-बारावीचे विज्ञान आमच्याकडे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकविले जाते, मग मराठी प्रश्नपत्रिकेचा उपयोग कोणास, असेही विचारले जाईल. हवाई दल व नौदल यांच्या शाखांसाठी पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे विषय बारावीस असावे लागतात. परंतु भूदलाच्या शाखेसाठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला, किंवा बारावीस बसलेला, उमेदवार पात्र असतो. ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातील किती कला शाखेच्या विद्यार्थ्यांस माहीत आहे? पात्रता कागदावर आहे. परीक्षेची भाषा ती निरुपयोगी करून टाकते.

ही अडचण सतराव्या वर्षी एकाएकी उभी राहत नाही. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यास निघाली; आमच्या शेजारी चंद्रपूरची सैनिकी शाळा २०१९ साली सुरू झाली. या शाळांच्या सहावीची प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते. नववीची मात्र केवळ इंग्रजीतून घेतली जाते. सहावीच्या वेळी ज्याच्या बापास अशी शाळा आहे हेच ठाऊक नव्हते, तो मुलगा नववीस जागा झाला तर दार बंद झालेले असते. देहरादूनच्या राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालयाची गोष्ट याहून अवघड आहे. तेथील गणित व सामान्य ज्ञान यांचे पेपर इंग्रजी किंवा हिंदीतून लिहावे लागतात आणि महाराष्ट्रातील उमेदवारांची परीक्षा पुण्यास होते. बारा वर्षांच्या मुलास घेऊन यवतमाळहून पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावयाचा, तेथे मुक्काम करावयाचा आणि परत यावयाचे, हे कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यास परवडणारे आहे काय?

सवलत हा शब्द उच्चारताच दर्जा घसरेल अशी भीती पुष्कळांस वाटते. तेव्हा एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अंगी असलेली क्षमता दिसू न देणारा अडसर दूर करणे ही एक गोष्ट आणि क्षमता नसताना ती आहे असे धरून चालणे ही दुसरी गोष्ट. पहिलीस आम्ही न्याय म्हणतो. दुसरी सैन्यात कोणीही मागू नये. हा भेद सैन्य स्वतःही जाणते. पुरुष उमेदवारांस १५७ सेंटिमीटर उंचीची अट असली, तरी गुरखा आणि ईशान्येकडील, गढवालातील व कुमाऊंतील डोंगरी भागांचे उमेदवार १५२ सेंटिमीटरांवर घेतले जातात. त्यामुळे सैन्य दुबळे झाल्याचे कोणी म्हणत नाही. अंगावरील गोंदणास एरवी कडक मर्यादा आहे, पण परंपरेने गोंदून घेणाऱ्या आदिवासींच्या बाबतीत निवड केंद्राचे प्रमुख प्रकरणागणिक विचार करून परवानगी देऊ शकतात. आमच्या गोंड व कोलाम बांधवांस ही तरतूद ठाऊक असणे अगत्याचे आहे. मुलींस तर ही परीक्षाच बंद होती. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने ती खुली केली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी प्रश्नपत्रिका सोपी करावी लागली नाही. केवळ पात्रतेचा एक शब्द बदलावा लागला.

याच भेदाच्या उजेडात एका नाजूक प्रश्नाकडेही पाहिले पाहिजे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांस राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक देते. मुलकी सेवांच्या परीक्षेतही लिहिताना हातास अडचण येणाऱ्या उमेदवारास लेखनिक मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिला. प्रबोधिनीच्या परीक्षेत मात्र उत्तरे स्वतःच्या हातानेच लिहावीत, लेखनिक कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही, असा नियम आहे. प्रत्यक्ष लढणाऱ्या दलांची गरज निराळी असते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि संथ वाचणारा प्रत्येक मुलगा रणांगणावर निरुपयोगी ठरतो, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. या नियमाचा वैद्यकीय व लष्करी जाणकारांकडून फेरविचार व्हावा. तो होईपर्यंत निदान शाळांनी आठवी-नववीतच पालकांस त्याची स्पष्ट कल्पना द्यावी. ज्या मुलास दहा वर्षे शाळेने आधार दिला, त्यास बारावीनंतर छापील सूचनेत ही ओळ वाचावी लागणे निर्दयपणाचे आहे. सैन्यात अडचण येईल या भीतीने आज मिळणारी हक्काची सवलत पालकांनी नाकारणे हेही तितकेच अयोग्य होय.

दोष सर्वस्वी दिल्लीचा, असे म्हणून आम्हांस मोकळे होता येणार नाही. ग्रामीण शाळांत मुलाची खरी जन्मतारीख न विचारता दाखल्यावर १ जून लिहून टाकण्याची जुनी रीत होती. ती कमी झाली असली तरी तिची फळे अद्याप संपलेली नाहीत. आयोग दहावीच्या प्रमाणपत्रावरील तारीखच प्रमाण मानतो. २०२५ च्या पहिल्या परीक्षेस २ जुलै २००६ ते १ जुलै २००९ या काळात जन्मलेलेच पात्र होते. २००६ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर त्या वर्षीची १ जून पडली असेल, तर गुरुजींच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने त्याची एक संधी गेली. तीच गोष्ट शरीरप्रकृतीची. कानातील मळ, नाकाचा वाकडा पडदा, टॉन्सिल, मूळव्याध, कमी किंवा अधिक वजन हे दोष आधीच दूर करून यावे, असे आयोगाची जाहिरातच सांगते. शहरातील मुलगा हे डॉक्टरकडून करून घेतो. खेड्यातील मुलास ते वैद्यकीय मंडळासमोर उभे राहिल्यावर प्रथम कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून मुलांस तपासतात. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांची डोळे, कान, उंची व वजन यांची नोंद त्याच वेळी करून पालकांच्या हाती देण्यास जिल्हा परिषदेस कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पारतंत्र्याच्या काळात, १९१८ नंतर, सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला अवघ्या दहा जागा होत्या आणि त्या घराणे पाहून दिल्या जात. देहरादूनची लष्करी अकादमी १९३२ साली निघाली ती मोठ्या चळवळीनंतर. घराण्याची ती अट स्वराज्यात गेली. तिच्या जागी भाषेची अट नकळत येऊन बसू नये, ही जबाबदारी आता आमची आहे. अखिल भारतीय व वरिष्ठ केंद्रीय सेवांच्या परीक्षांस आठव्या परिशिष्टातील सर्व भाषा पर्यायी माध्यम असाव्यात, असे संसदेने आपल्या संकल्पात म्हटले होते. तो संकल्प १९६८ साली प्रसिद्ध झाला. मुलकी सेवांची मुख्य परीक्षा १९७९ पासून या भाषांतून लिहिता येते. तेथे तर लांबलचक उत्तरे तपासावी लागतात. प्रबोधिनीच्या परीक्षेत उत्तरे यंत्र तपासते; काम उरते ते प्रश्नांच्या निर्दोष भाषांतराचे. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांचे भाषांतर जे शासन मराठीत करू शकते, त्यास हे अशक्य नाही.

यवतमाळ जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागलेला आहे. वणी व आर्णी चंद्रपुरात मोडतात, उमरखेड हिंगोलीत आणि उरलेला जिल्हा यवतमाळ-वाशीममध्ये. अन्य प्रसंगी ही आमची अडचण असते. या प्रसंगी ते बळ ठरावे. तिन्ही खासदारांनी एकमुखाने संरक्षण मंत्रालयाकडे व लोकसेवा आयोगाकडे तीन गोष्टी मागाव्यात. प्रबोधिनीच्या परीक्षेतील ७०० गुणांचे प्रश्न मराठीसह आठव्या परिशिष्टातील भाषांत छापावेत. सैनिकी शाळांच्या नववीच्या परीक्षेस सहावीप्रमाणेच भाषेचा पर्याय असावा. आणि देहरादूनच्या महाविद्यालयाच्या परीक्षेचे एक केंद्र विदर्भासाठी नागपुरास द्यावे. यांपैकी एकाही मागणीने सैन्याची कसोटी तसूभर सैल होत नाही. आमची मुले त्या कसोटीस उतरतील किंवा न उतरतील. परंतु ती उतरली नाहीत तर कशात उणी पडली, हे त्यांस आणि देशास स्वच्छ कळले पाहिजे.