दोन फेरीवाले

गेल्या रविवारी आमच्या कन्येने संगणकावर एक जुना जपानी चित्रपट लावून दिला. खाली इंग्रजी अक्षरे. आमची मंडळी म्हणाली, "वाचत बसायचं की बघायचं?" पण अर्ध्या तासात चहा तसाच गार झाला आणि कोणी उठेना.

या मालिकेचा नायक तोराजिरो कुरुमा. लोक त्याला तोरासान म्हणतात. चौकटीचा कोट, डोक्यावर हॅट, पोटाला लोकरी पट्टा, पायात चपला आणि हातात एक पेटी. गावोगावच्या जत्रांत पथारी मांडून काहीबाही विकणारा फेरीवाला. शिक्षण नाही, घरदार नाही, आणि तोंड मात्र सतत चालू. १९६९ ते १९९५ या काळात त्याचे ४८ चित्रपट निघाले. बहुतेक सगळे योजी यामादा यांनी दिग्दर्शित केले, आणि तोरासान प्रत्येक वेळी कियोशी अत्सुमी हेच. १९९६ साली अत्सुमी गेले आणि तोरासानचे फिरणेही थांबले. पुढे २०१९ साली यामादांनी जुनी दृश्ये गुंफून पन्नासावा चित्रपट केला.

तोराचे माहेर म्हणावे असे ठिकाण म्हणजे टोकियोतील शिबामाता. तिथे काका-काकूंचे दांगोचे दुकान आहे. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे. शेजारी ताइशाकुतेनचे बौद्ध विहार. हा ताइशाकुतेन म्हणजे आपल्या पाली ग्रंथांतला सक्क, देवांचा राजा. इतक्या दूर जाऊन तो तिथल्या गल्लीचा शेजारी झाला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. सावत्र बहीण साकुरा, तिचा छापखान्यात काम करणारा नवरा हिरोशी आणि मुलगा मित्सुओ हा बाकीचा गोतावळा.

आम्ही पाहिला तो चोविसावा चित्रपट, १९७९ सालचा. मायकेल जॉर्डन नावाचा एक अमेरिकन जपानात व्हिटॅमिनच्या गोळ्या विकायला येतो. (खेळाडू नव्हे! त्याचे नाव गाजायला अजून अवकाश होता.) भाषा येत नाही, माल खपत नाही, राहायला जागा नाही. मित्सुओच्या इंग्रजीच्या बाईंची आई केइको अमेरिकेत राहून आलेली, ती दुभाषी होते आणि दुकानाच्या माडीवर त्याची सोय लागते. ती खोली तोराची! तोरा परत येऊन बघतो तर आपल्या अंथरुणावर गोरा साहेब. अमेरिकन म्हटले की तोराचे माथे आधीच तापते. १९४५ चा पराभव आणि १९५२ पर्यंतचा परक्या फौजेचा मुक्काम त्या पिढीच्या मनातून गेला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

पण ही दोघे भांडता भांडता जवळ येतात ती कशाने? आम्हांस वाटते, धंद्याने. दोघेही पेटी घेऊन दारोदार फिरणारे, दोघांनाही लोक दारातून परत पाठवणारे. देश वेगळे, पण पायाचे दुखणे एकच. एकमेकांची भाषा न कळता ते एकमेकांना ओळखतात, आणि यामादांनी हे कुठेही भाषण न करता दाखवले आहे.

मग प्रेमाचे प्रकरण. तोराचा जीव केइकोवर जडतो. मायकेलचा मात्र साकुरावर, म्हणजे ज्या घराने आसरा दिला त्या घरच्या विवाहित लेकीवर. तोराचे मत असे की जपानी पुरुष प्रेम तोंडाने सांगत नाही, डोळ्यांनी सांगतो. उत्तरही डोळ्यांतच वाचायचे, आणि नकार असला तर मुकाट्याने पाठ फिरवून निघून जायचे. मायकेल अमेरिकन. तो साकुराला सरळ सांगून टाकतो. साकुरा एका इंग्रजी शब्दात उत्तर देते की हे अशक्य आहे. ना आरडाओरडा, ना कोणाची अब्रू गेली. तो ऐकतो, दुःखी होतो आणि आपल्या वाटेने निघतो. इकडे केइकोच्या मनात दुसराच कोणी असल्याने तोराही रिकाम्या हाताने रस्त्यावर.

आमच्या मंडळीने इथे तोंड उघडले. "त्या गोऱ्याला निदान उत्तर तरी मिळालं. तुमच्या तोराने विचारलंच कुठे?" आम्ही तोराची बाजू घेणार होतो, पण थांबलो. आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली. आम्हीही डोळ्यांवाल्यांपैकीच. शिवाय ४८ चित्रपटांत काही बायका तोराच्या एका शब्दासाठी थांबलेल्या दिसतात, आणि नेमका तेव्हाच तो पेटी उचलतो. याला त्याग म्हणावे की भित्रेपणा, यावर आमच्या घरात त्या रात्री एकमत झाले नाही.

दुसऱ्या रविवारी १९८९ चा एक्केचाळिसावा चित्रपट लावला. कामाच्या ताणाने रुळावर आडवा झालेला एक नोकरदार वाचतो, तोराला चिकटतो आणि त्याला व्हिएन्नाला घेऊन जातो. राजवाडे आणि नाचगाणी जरा जास्तच आहेत. तोराला त्यांचे काही नाही, तो डॅन्यूबच्या काठी बसून आपल्या एदो नदीचीच आठवण काढतो. तिथे कुमिको ही वाट दाखवणारी जपानी मुलगी भेटते. घरच्या ओढीने ती त्याच्याबरोबर मायदेशी परतायला निघते. विमानतळावर तिचा ऑस्ट्रियन मित्र हरमान धावत येतो आणि तिला मिठी मारतो. तोराला जर्मन येत नाही. तो त्याला जपानीतच बजावतो, हिला सुखात ठेव.