झोपेची गोळी नको, हक्काचा भत्ता हवा

"डॉक्टरसाहेब, लई टेन्शन आहे. झोपेची गोळी लिहून द्या." यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळा लागला की अशी मागणी वाढते. थोडं खोलात विचारलं की कळतं, जिनिंगचा हंगाम संपला, हातचं काम गेलं.

काम जाणं हा आजार नाही, पण त्यातून आजार येतात. काळजी रोजची झाली की शरीरातली ताणाची संप्रेरकं वाढलेलीच राहतात. झोप उडते, रक्तदाब आणि साखर चढते. खर्चाला काट मारताना पहिली काट बीपी-शुगरच्या गोळ्यांना बसते. कोणी दारूकडे वळतो. झोपेची गोळी यातलं काहीच बरं करत नाही. तिची सवय मात्र लागते.

त्यात घरचे-दारचे म्हणतात, "बसून खातो." हे खोटं आहे. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची कापडगिरणी बंद पडली. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. हाताशी दिवसभर वेळ असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी केलं होतं. बेकारी माणसाला आळशी करत नाही, ती त्याची उभारी काढून घेते.

मग यावर सरकारी औषध आहे का? आहे. ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली. नोकरी गेलेल्या विमित कामगाराला सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळते. विमा किमान दोन वर्षांचा हवा. गैरवर्तनामुळे काढलं असेल तर भत्ता मिळत नाही.

आता खरी मेख ऐका. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखान्यांना वगळलं. त्यांच्या यादीत पहिलंच नाव आहे कापसाच्या जिनिंगचं! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही सूट तशीच ठेवली. म्हणजे ज्याचं काम दरवर्षी सुटणारच, त्यालाच काम सुटल्याचा भत्ता नाही. कापसाच्या जिल्ह्यासाठी याहून क्रूर थट्टा कोणती?

"हंगामी काम आहे, हे त्यांना आधीच माहीत असतं," असं कोणी म्हणेल. असतं ना. पण पोराची फी, आईची इन्सुलिन आणि किराणा हंगामी नसतात. "मालकाला परवडणार नाही," हाही युक्तिवाद ऐकू येतो. या विम्यात मालकाचा वाटा मजुरीच्या सव्वातीन टक्के आहे, कामगाराचा पाऊण टक्का. शंभर रुपयांमागे मिळून चार रुपये. एवढ्याने जिनिंग बुडत असेल, तर ती कामगाराच्या पोटावरच चालली आहे असं म्हणावं लागेल.

सूट रद्द होईपर्यंत तुम्ही काय कराल?

• पगाराच्या पावतीवर ईएसआयसी किंवा पीएफची कपात आहे का, ते आजच बघा. कपात असेल तर आधार आणि बँक पासबुक घेऊन कार्यालयात जा. अटलची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, ती सध्या चालू आहे का हेही तिथेच विचारा. पीएफमधूनही रक्कम काढता येते.

• बीपी-शुगरची औषधं थांबवू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

• झोपेची गोळी आधीपासून चालू असेल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

• काम गेल्याचं घरात सांगा. लपवलेली गोष्ट रात्री जास्त छळते. उठण्या-जेवण्याची वेळ मोडू नका.

• जगणं नको वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा. मराठीत बोलता येतं. घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा : जिनिंगच्या कामगाराला विमा कधी देणार? झोपेची गोळी मी लिहून देऊ शकतो. ही सूट मात्र दिल्लीतच रद्द होईल, आणि ती मागितल्याशिवाय होणार नाही.