एसटीचा संप साडेपाच महिने का चालला? विलीनीकरणाचं पुढे काय झालं?

तेल्हारा शहरात रेल्वे नाही. तालुक्यातून जाणारी अकोला-खांडवा मीटरगेज लाइन 2021 मध्ये रुंदीकरणासाठी बंद होती. अकोट-अकोला गाडी सुरू झाली ती थेट नोव्हेंबर 2022 मध्ये. त्यामुळे एसटीचा संप झाला तेव्हा इथून अकोल्याच्या दवाखान्यात किंवा अकोटच्या कॉलेजात जायचं तर काळी-पिवळी, नाहीतर कुणाची तरी दुचाकी. बसचा पास खिशात असून उपयोग नव्हता.

संपाची सुरुवात ऑक्टोबर 2021 च्या शेवटी झाली. संघटनांच्या कृती समितीने उपोषण केलं, सरकारने महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वाढवला, समितीने आंदोलन मागे घेतलं. प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. पण आगारांतले चालक-वाहक कामावर आलेच नाहीत. त्यांना हवं होतं एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण.

म्हणजे नेमकं काय? एसटी हे 1950 च्या कायद्याखालचं महामंडळ आहे. पगाराचा मुख्य आधार तिकिटाचा पैसा. कोरोनात गाड्या थांबल्या, पगार रखडले, काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्याही केल्या. शासनाचे नोकर झालो तर पगाराची तारीख चुकणार नाही, एवढा साधा हिशोब होता. शिवाय आंध्र प्रदेशाने जानेवारी 2020 मध्ये आपल्या परिवहन महामंडळाचे कर्मचारी शासनात घेतले होते. मग आपल्याकडे का नाही?

24 नोव्हेंबरला सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना 5,000 रुपये, वीसपर्यंत 4,000, त्यापुढे 2,500. दुसरीकडे निलंबन, बडतर्फी आणि मेस्माचा इशारा. तरी संप मोडला नाही. आमच्या मते खरी अडचण वेगळीच होती. सरकार ज्या संघटनांशी बोलत होतं, त्यांचं कामगार ऐकत नव्हते. आणि जे कामगार संपावर होते, त्यांच्या वतीने 'ठीक आहे, मान्य' म्हणू शकेल असं समोर कुणी नव्हतं.

उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचं सांगितलं. मात्र पुढची चार वर्षं पगारासाठी शासनाने पैसे द्यावेत, अशी शिफारसही केली. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने 22 तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं. त्याच सुमारास, 8 एप्रिलला, मुंबईत शरद पवारांच्या घरासमोर चप्पलफेक झाली आणि कामगारांबद्दलची सहानुभूती बरीच आटली. महिनाअखेरीस गाड्या रस्त्यावर आल्या.

सप्टेंबर 2024 मध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर, पुन्हा संप झाला. या वेळी पुढे संघटना होत्या. दोन दिवसांत मूळ पगारात 6,500 रुपयांची वाढ मान्य झाली आणि संप मिटला. महामंडळ मात्र महामंडळच राहिलं.