स्वादुपिंडाचा कॅन्सर : जनुकांच्या रिपोर्टमधून नेमकं काय कळतं?

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं १७ मार्च २०१९ रोजी निधन झालं. तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर हे नाव घराघरांत पोहोचलं. निदानानंतर त्यांना वर्षभराच्या आसपासच काळ मिळाला. 'अ‍ॅपल'चे स्टीव्ह जॉब्स मात्र निदानानंतर आठ वर्षं जगले. पण जॉब्स यांना झालेला न्यूरोएंडोक्राइन प्रकार दुर्मीळ आणि बऱ्याचदा सावकाश वाढणारा. दहापैकी नऊ रुग्णांत आढळतो तो अ‍ॅडिनोकार्सिनोमा, आणि खरी भीती त्याचीच आहे.

या प्रकारात जवळपास ९० टक्के रुग्णांच्या गाठीत 'केरास' या जनुकात बिघाड सापडतो. पेशीला 'वाढ' असा आदेश देणारं हे बटण. बिघाड झाला की ते चालूच राहतं. केरासचं प्रथिन इतकं गुळगुळीत की औषधाला चिकटायला जागाच सापडत नव्हती. कित्येक दशकं असंच गेलं. २०२१ मध्ये अमेरिकेत पहिलं औषध आलं, तेही फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी. ते ज्या 'जी१२सी' बिघाडावर चालतं, तो स्वादुपिंडाच्या जेमतेम एक-दोन टक्के रुग्णांत असतो. इथे जास्त दिसतो तो 'जी१२डी'. केरासच्या अनेक बिघाडांवर चालू शकेल अशा 'दाराक्सोनरासिब'ला २०२५ मध्ये अमेरिकी नियामकाने 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. बातम्यांत हा शब्द भारदस्त वाटतो, पण तो दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे.

दुसरं नाव 'ब्राका'. स्तनाच्या कॅन्सरमुळे ते अनेकांच्या कानावर आलेलं असतं. डीएनएची दुरुस्ती करणारी ही जनुकं. त्यांत आनुवंशिक बिघाड असलेल्या रुग्णांवर ओलापॅरिबची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. हे दुसरं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमध्ये सहसा नसतं.

मग आयुष्य ठरतं कशावर? अजूनही सगळ्यात जास्त, आजार कधी सापडला यावर. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं. कावीळ, उतरणारं वजन, पाठीत जाणारी पोटदुखी, उतारवयात अचानक आलेला मधुमेह ही लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. निदानाच्या वेळी ऑपरेशन शक्य असतं ते फक्त १५ ते २० टक्के रुग्णांत. अमेरिकेत सगळे टप्पे धरून पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे.

तरीही अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या प्रत्येक रुग्णाची आनुवंशिक चाचणी करावी, घरात आधी कुणाला कॅन्सर नसला तरी. कारण बिघाड सापडला तर प्रत्येक मुला-मुलीत, भावा-बहिणीत तो असण्याची शक्यता ५० टक्के. त्यातल्या जास्त धोका असलेल्यांची एमआरआय किंवा एंडोस्कोपीतून होणारी सोनोग्राफी ठरावीक काळाने करता येते.

इथे एक गल्लत हमखास होते. बायोप्सीच्या तुकड्यात केरासचा बिघाड निघाला, म्हणजे तो मुलांत उतरला असं नाही. तो त्या गाठीपुरताच असतो. मुलांचा धोका कळतो तो रक्ताच्या किंवा लाळेच्या वेगळ्या चाचणीतून. आणि त्यासाठीचा नमुना रुग्ण हयात असतानाच घ्यावा लागतो, केमो सुरू होऊन सगळी धावपळ चालू असते, नेमकं त्याच दिवसांत.