भक्त म्हणजे वाटेकरी

'भक्त' हा शब्द शिवीसारखा वापरण्याची टूम गेल्या काही वर्षांत निघाली आहे. एखाद्याने कुठल्या पुढाऱ्याची बाजू घेतली, की दुसरा त्याला फाडकन 'भक्त' म्हणून मोकळा होतो. आणि पहिलाही छाती फुगवून 'होय, आहेच मुळी!' म्हणतो. माझे भांडण दोघांशीही आहे. भक्त म्हणजे डोळे मिटून मागे जाणारा, असे दोघांनी संगनमताने ठरवून टाकले आहे, आणि ते सपशेल खोटे आहे.

संस्कृत मला मॅट्रिकपुरतेच येते. पण येथे तेवढे पुरे. 'भज्' म्हणजे वाटणे, वाटून घेणे. भाग, भाज्य, भाजक... आमच्या चौथीच्या वर्गातला सारा भागाकार या एका धातूवर चालतो. भाऊभाऊ वेगळे झाले, की आपण त्यांना विभक्त म्हणतो. आणि वाचकहो, दिवाळीच्या पानात जी मूद पडते तो भातसुद्धा संस्कृत 'भक्त' शब्दाचेच घरगुती रूप! वाट्याला आलेले अन्न ते भक्त, आणि देवाशी ज्याचा वाटा तोही भक्त. वाटेकरी म्हटला की तो रुसणार, भांडणार, हिशेब मागणार. जनाबाईने विठोबाला शिव्या मोजल्या, म्हणून तिची भक्ती कोणी कमी धरली का?

(वारीचेही असेच झाले आहे. मंत्र्यांची दिल्लीवारी विमानाने होते, आणि पंढरी म्हणे क्रिकेटचीही असते, ती लंडनात! असो.)

या शब्दाचा खरा कस पंढरपुरात लागला. चोखोबाला थोर भक्त म्हणायचे, त्याचे अभंग गायचे, आणि त्याचा वाटा मात्र महाद्वाराच्या पायरीपाशी संपवायचा! विठोबाचे दार त्याच्या माणसांना उघडायला 1947 साल उजाडावे लागले, म्हणजे चोखोबामागे सहाशे वर्षे. त्यासाठी साने गुरुजींना, तेही मास्तरच, प्राण पणाला लावून उपोषणाला बसावे लागले. भक्तीचा अर्थ 'मुकाट्याने बाहेर उभे राहणे' असा लावला, की असे होते.

तेव्हा ज्याला पुढाऱ्याचा भक्त म्हणवून घ्यायचे असेल, त्याने आधी त्याच्याकडे आपला वाटा मागून पाहावा. नुसते मागे धावणाऱ्यांसाठी मराठीत हुजऱ्या, भाट, खुशमस्कऱ्या, लाळघोट्या असे अस्सल शब्द पडले आहेत. ते वापरावेत.