दिल्लीत न झालेली बॉक्सिंग आणि आपली पोट्टी

राजेहो, 2021 ची पुरुषांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा दिल्लीत होणार होती, हे आता किती जणांना आठवतं? ज्यांना आठवतं त्यातले बरेच म्हणतात, "कोरोनात गेली ते." नाही जी. कोरोनात नाही, पैशात गेली.

तेव्हाच्या जागतिक संघटनेनं, म्हणजे आयबानं, 2017 मध्येच दिल्लीला यजमानपद दिलं होतं. पुरुषांची जागतिक स्पर्धा भारतात पहिल्यांदाच होणार होती. यजमान शुल्क सुमारे 40 लाख डॉलर, असं तेव्हा छापून आलं. भरायची मुदत होती 2 डिसेंबर 2019. तारीख नीट पाहा, तोवर आपण कोरोनाचं नावही ऐकलं नव्हतं. पैसे पोचले नाहीत आणि 28 एप्रिल 2020 ला आयबानं जाहीर केलं की करार रद्द, स्पर्धा बेलग्रेडला. वरून भारतीय महासंघाला दंड 500 डॉलर! तेव्हाच्या भावानं अडतीस हजाराच्या आसपास. एवढ्यात तर आपल्याकडे तालुक्याची स्पर्धा होत नाही.

महासंघाची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. त्यांचं म्हणणं असं की आयबाचं स्वित्झर्लंडमधलं खातं गोठलेलं होतं, म्हणून सर्बियातल्या खात्यात पैसे टाका म्हणाले. सर्बिया तेव्हा संशयित व्यवहारांच्या यादीत, म्हणून आपल्या बँका तिकडे पैसे पाठवायला तयार नव्हत्या. हे मला पटतं. आयबाचा कारभार इतका गाळात होता की जून 2019 मध्ये ऑलिम्पिक समितीनं तिची मान्यताच स्थगित केली होती. पण मग माझा साधा प्रश्न आहे. अडचण मुदतीच्या वेळीच दिसत होती, तर पुढचे पाच महिने देशाला कोणी काहून सांगितलं नाही? आपल्याला कळलं ते थेट आयबाच्या पत्रकातून.

कोणी म्हणेल, वर्ध्यात बसून याचं काय घेणंदेणं? आहे ना. सेवाग्राम स्टेशनावरून दिल्लीची गाडी थेट आहे. जनरलचं तिकीट काढून इथलं पोट्टं जगातले सगळ्यात भारी बॉक्सर डोळ्यांनी पाहून आलं असतं. बेलग्रेडला जायला पासपोर्ट, विमान. टीव्हीवरचा ठोसा वेगळा आणि रिंगपासून वीस फुटांवर ऐकलेला ठोसा वेगळा, हे ज्यानं आखाड्याच्या कडेला बसून कुस्ती पाहिली त्याला सांगावं लागत नाही.

आणि आपल्याकडे गुण नाहीत असं कोण म्हणेल? नागपूरची अल्फिया पठाण त्याच 2021 साली पोलंडमधल्या किल्से इथे युवा विश्वविजेती झाली. विदर्भाची पोरगी! तिकडे बेलग्रेडला आकाश कुमारनं 54 किलोत ब्राँझ आणलं, त्याला 25 हजार डॉलर बक्षीस होतं. म्हणजे बक्षिसाला पैसे होते, खेळाडू होते, आपल्याकडे फक्त रिंग लागली नाही.

स्पर्धा भरवणं आपल्याला जमत नाही, असंही नाही. दूर कशाला, आपल्या देवळीतच 2025 च्या जानेवारीत महिला महाराष्ट्र केसरी झाली, भाग्यश्री फंडनं गदा जिंकली. तालुक्याचं गाव राज्याची स्पर्धा पार पाडतं. दिल्लीनंही 2018 आणि 2023 मध्ये महिलांची जागतिक बॉक्सिंग भरवलीच. (2018 मध्ये कोसोव्होच्या बॉक्सरला व्हिसा दिला नाही, तो डाग वेगळा.) पुरुषांची मात्र 2023 ला ताश्कंदला झाली, 2025 ला लिव्हरपूलला. भारताचा नंबर अजून लागला नाही.

मागणी मोठी नाही. पुढच्या वेळी कोणतीही संघटना जागतिक स्पर्धा मागेल तेव्हा करारातल्या तीन गोष्टी जाहीर कराव्यात: शुल्क किती, भरायचं कोणी आणि केव्हापर्यंत. सरकारी तिजोरीतून एक रुपया जात असेल तर तो आपला हक्कच आहे. जात नसेल तरी तिरंगा आपल्या सगळ्यांचा लागतो. खासदार, क्रीडा अधिकारी, संघटनांचे पदाधिकारी, तुमच्यापैकी जो कोणाला ओळखत असेल त्यानं हे एकदा विचारून पाहा आणि काय उत्तर आलं ते खाली लिहा.